पैलवानाचा खुराक

निवडणुका जवळ आल्या, की आपली वर्तमानपत्रं कुस्तीची भाषा बोलायला लागतात. अमुक नेता आखाड्यात उतरला, तमुकानं शड्डू ठोकला, याला त्यानं धोबीपछाड दिली, तो चितपट झाला. दोन पक्षांचं आतून साटंलोटं असलं, तर ‘ही नुरा कुस्ती आहे’ असंही छापून येतं. हे वाचणाऱ्या किती जणांनी खरा आखाडा पाहिला असेल, कोण जाणे. पण शब्द सगळ्यांना कळतात. या शब्दांच्या मागची माती कशी असते, आणि त्या मातीत उतरणाऱ्याला उभं कोण करतं, हे आज सांगावं म्हणतो.

मी हिंगोली जिल्ह्यातला, कयाधू नदीकाठच्या एका खेड्यातला. १९८५ ते २०२० अशी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. त्याआधी अकरा वर्षं तालमीत काढली. मोठा पैलवान झालो नाही. माझं नाव तुम्ही कुठं वाचलेलं नसणार. पण माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. बोलता बोलता समोरच्याची नजर तिकडं जाते आणि मग तो विचारतो, ‘‘गुरुजी, तालीम करत होतात का?’’ लढताना डोक्याला डोकं भिडतं, मानेवर हात घासतो, आणि कानाची कातडी व आतली कुरकुरीत कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं. ते वेळीच काढलं नाही तर तिथं गाठ बनते आणि कानाचं भजं होतं. दुखतं पुष्कळ. पण त्या वयात मोडलेल्या कानाचा अभिमानच वाटतो.

आधी मातीचं सांगतो. आमचा मुलूख काळ्या मातीचा. कापूस, ज्वारी, आता सोयाबीन आणि हळद यांना ही माती चांगली, पण कुस्तीला ती अगदी निकामी. पाणी लागलं की ती फुगते आणि चिकटते, वाळली की भेगा पडतात आणि ढेकळं दगडासारखी होतात. त्यावर पडलेल्या पोराचं खांद्याचं हाड शाबूत राहायचं नाही. म्हणून आमच्याकडं तालमीची माती बैलगाडीतून बाहेरून आणावी लागे. माळावरची तांबडी माती आणायची, दोनदा चाळायची, खडा शिल्लक ठेवायचा नाही. मग त्यात तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर आणि हळद मिसळायची. तेला-ताकानं माती मऊ राहते, उडत नाही, अंगाला ओलसर लागते. हळद आणि लिंबू खरचटलेल्या जागेसाठी. आमच्या वसमत-हिंगोलीकडं हळदीला तोटा नाही. हळद शिजवून, वाळवून, घोळून झाली, की तळाशी राहिलेली भुकटी शेतकरी तालमीला आणून देत. तो त्यांचा वाटा.

या हौद्याची माती रोज पहाटे फावड्यानं उकरायची. नवीन पोराला पहिले दोन-तीन महिने हेच काम. आम्हाला वाटायचं, वस्ताद राबवून घेतात. पुढं कळलं, की माती उकरणं हाच कंबर, खांदे आणि मनगट यांचा पहिला व्यायाम आहे. त्यानंतर जोर, बैठका, सपाटे, दोरखंड चढणं, करेला फिरवणं. आणि डाव शिकवण्याच्या आधी शिकवलं जायचं ते पडणं. अंग कसं गोळा करायचं, मानेवर पूल करून पाठ वर कशी ठेवायची, हात टेकवायचा नाही कारण हात टेकला की कोपर जातं. पडायची भीती गेली, की मग डाव. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन, त्याला पाठीवरून, धोबी दगडावर कपडा आपटतो तसा पुढं आणायचा, ही धोबीपछाड. एका पायाला हात घालून तो उचलायचा, तो एकेरी पट. ढाक, टांग, कलाजंग, घिस्सा, निकाल, मोळी, सालतू अशी डावांची मोठी यादी आहे आणि प्रत्येक डावाला तोड आहे. डाव पाठ करून येत नाही, तो रोज कुणाच्या तरी अंगावर घोटावा लागतो. म्हणजे तुम्हाला टांग मारता यावी म्हणून दुसऱ्या कुणाला तरी शंभर वेळा पडावं लागतं. तालमीतल्या जोडीदाराचं हे देणं फिटत नाही.

आता खुराकाकडं येतो. एवढी मेहनत करणाऱ्या पोराला दूध, तूप, बदाम लागतात. बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, मिरी वाटून दुधात घातलेली थंडाई हे पैलवानाचं औषध आणि चैन दोन्ही. १९७४ साली मी तालमीत जायला लागलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दोनच वर्षांपूर्वीचा, १९७२ चा दुष्काळ सगळ्या गावाच्या अंगावर अजून दिसत होता. आमचे बाबा आणि माय रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेले. बदाम कुठले? बाबांनी उसनवारी करून एक म्हैस घेतली. ती चार लिटर दूध देई. दोन लिटर उसने पैसे फेडायला बाजारात जाई, दोन लिटर मला.

घरातले बाकीचे कोरा चहा पीत. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तेव्हा सोळा वर्षांची होती. म्हशीचं गवत, शेण, धार सगळं तिच्याकडं. त्यासाठीच तिची शाळा सुटली. पहाटे मी तालमीतून आलो, की ती तांब्याभर दूध माझ्यासमोर ठेवी आणि स्वतः कोऱ्या चहाची बशी घेऊन चुलीपुढं बसे. मी ते दूध पीत होतो. तिच्या बशीकडं मी कधी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, पाहिलं असेल, पण त्याचा विचार केला नाही.

पैलवानाला पोसायचं कोणी, हा प्रश्न कुस्तीइतकाच जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. ते कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. आपला मराठवाडा त्या काळी त्याच राज्यात होता. या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राजानं काय काय जाणावं, याचा तो कोशच. त्यात ‘मल्लविनोद’ असं एक प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती लावलेल्या आहेत: ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. मेहनतीचे प्रकार दिले आहेत. ओझं उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, आणि खांबावरचा स्तंभश्रम. आपल्या मल्लखांबाचं मूळ अभ्यासक या स्तंभश्रमात पाहतात. दूध, दही, तूप, उडीद, मांस असा खुराक मल्लांना राजानं पुरवावा, असंही त्यात आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी उत्तर स्पष्ट होतं. पैलवानाचा खुराक राजाच्या कोठारातून.

ही रीत पुढंही चालली. मल्लखांबाचं श्रेय परंपरा ज्यांना देते, ते बाळंभट्टदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान त्यांनी स्वीकारलं, ही कथा तालमीतालमीतून सांगितली जाते. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली त्याच्या मुळाशी हा राजाश्रय आहे.

आमच्याकडं काय होतं? हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही हिंगोलीतल्या वस्त्यांची नावं आजही त्या छावणीची आठवण देतात. ही फौज, म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट, १९०३ साली इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. वस्त्यांना नावं तेवढी राहिली. आखाड्याची बोलीही त्या मिश्र वस्तीसारखीच आहे. ‘मल्ल’ संस्कृत, पैलवान, कुस्ती, दंगल हे शब्द फारसीतून आलेले, आणि ‘उस्ताद’चा आपण ‘वस्ताद’ केला. आमच्या हौद्यात मारुतीला नमस्कार करून उतरणारी आणि ‘या अली’ म्हणून उतरणारी पोरं एकमेकांच्या अंगाला तीच माती चोळत. निजामी राजवटीच्या शेवटच्या दशकांत आर्यसमाजाच्या मंडळींनी मराठवाड्यात ठिकठिकाणी आखाडे, व्यायामशाळा काढल्या. सरकार त्यांच्याकडं संशयानं पाही. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. पण कोल्हापुरासारखा शाहू राजा आम्हाला लाभला नव्हता. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनाही शिकायला कोल्हापुरालाच जावं लागलं. ते १९६९ चे महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. महाराष्ट्र केसरीची पहिली गदा १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिनकर दह्यारींनी घेतली होती. पहिलं मैदान मराठवाड्यात भरलं, पण मराठवाड्याचा पैलवान घडायला पंचगंगेकाठी जावं लागे.

संस्थानं गेल्यावर तर राजाचं कोठार सगळ्यांसाठीच बंद झालं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतलं पुढचं पदक यायला २००८ साल उजाडावं लागलं. या सगळ्या हकिगतीत मला ते गहाण पडलेलं घर नेहमी आठवतं. राजाच्या जागी आता मास्तर आणि गावकरी आले होते.

आमच्या जिल्ह्यातली कुस्तीही अशीच वर्गणीवर जगली. सुगी होऊन घरात दोन पैसे आले, की जत्रांचे दिवस येतात. त्याआधी हिंगोलीचा दसरा असतो, दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं आणि कुस्त्यांचा फडही रंगतो. शिवरात्रीला औंढ्याची यात्रा. आणि गावोगावचे मारुती, खंडोबा, पीर यांच्या जत्रा-उरूस. जत्रेआधी पंच वही घेऊन घरोघर फिरतात. फड दुपारी लागतो. हलगी कडाडते. पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर आणि खोबऱ्याच्या वाटीवर. मग पाच, अकरा, एकवीस रुपये असं करत इनाम चढत जातं. हे माझ्या वेळचे आकडे. आता हजारांत बोलतात. पंच दोन पोरांना शेजारी उभं करून जोड बघतात आणि हात धरून मैदानात फिरवतात. हरकत असेल तर लोकच ओरडतात, ‘‘जोड नाही, जोड नाही!’’ मग सलामी, चिमूटभर माती एकमेकांच्या अंगावर, आणि कुस्ती सुरू. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट. शेवटची कुस्ती दिवेलागणीला, सगळ्यात मोठ्या इनामाची.

आता नुरा कुस्तीचं. ती मी स्वतः खेळलो आहे, म्हणून सांगायचा अधिकार आहे.

१९८३ साली, शेजारच्या तालुक्यातल्या एका जत्रेत, पाचशे रुपयांची कुस्ती माझ्यावर नेमली गेली. समोरचा पैलवान ओळखीचा. मैदानाबाहेर तो मला म्हणाला, ‘‘मास्तर, तुझं-माझं हाड कशाला मोडायचं? बरोबरीत सोडवू. अडीचशे तुला, अडीचशे मला.’’ मी तेव्हा डी.एड. करत होतो, म्हणून मला सगळे आधीपासूनच मास्तर म्हणत. मी हो म्हणालो. वीस मिनिटं आम्ही खडाखडी केली. हाताला हात, मानेला मान, मध्येच एक पट आणि लगेच तो सोडणं. लोकांना हे कळत नाही असं पैलवानाला वाटतं. लोकांना पाचव्या मिनिटाला कळलेलं असतं. आधी शिट्ट्या झाल्या, मग शिट्ट्याही थांबल्या. माणसं धोतर झटकून उठायला लागली. पंचांनी कुस्ती सोडवली. पैसे मिळाले.

आमचे वस्ताद त्या फडात नव्हते, पण दोन दिवसांत बातमी त्यांच्याकडं पोचली. ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं, कानाखाली बसेल. त्यांनी देवळातून आमच्या गावच्या जत्रेची वर्गणीची वही मागवली आणि म्हणाले, ‘‘तू शिकलेला हायेस. वाच.’’ मी वाचायला लागलो. अमका, दोन रुपये. तमका, एक रुपया. कुणी आठ आणे, कुणी पायलीभर ज्वारी. एका विधवा बाईच्या नावापुढं चार अंडी लिहिली होती. मी पानं उलटत होतो आणि माझा आवाज बसत चालला होता. वस्ताद म्हणाले, ‘‘त्या गावातबी अशीच वही असंल. यातलं कोणाचं खाल्लंस, तेवढं सांग.’’

मला त्या चार अंड्यांच्या पुढं आमच्या घरची कोऱ्या चहाची बशी दिसली. अक्काचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी हिशेब केला, की माझ्या अंगात जे काही होतं ते कुणाकुणाच्या ताटातून आलं होतं.

सायकल घेऊन मी त्या गावाला गेलो आणि अडीचशे रुपये पंचांसमोर ठेवले. तिथल्या म्हाताऱ्या पंचानं पैसे मोजून घेतले आणि एवढंच म्हणाला, ‘‘फुडच्या जत्रेला ये. निकाली खेळ.’’ पुढच्या वर्षी गेलो. चौथ्या मिनिटाला ढाकेवर माझी पाठ लागली. मी हरलो, पण कुणी शिट्टी वाजवली नाही. त्याच म्हाताऱ्यानं माझ्याही अंगावरची माती झटकली.

आता मातीची कुस्ती गादीवर गेली आहे. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांचा हिशेब, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. मातीत घड्याळ नव्हतं. मातीत लांग धरून डाव करता येतो, गादीवर पोशाखाला हात लावला की पंच अडवतो. माती पाय धरून ठेवते, गादी चपळ पायाची परीक्षा घेते. म्हणून नुसत्या मातीवर वाढलेलं पोर गादीवर आधी गोंधळतं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. गादीवर जायलाच हवं, नाहीतर आपली पोरं पुढं टिकणार नाहीत. पण गादीवर नुरा होत नाही, असं कुणी समजू नये. ती गादीत किंवा मातीत नसते, खेळणाऱ्याच्या मनात असते.

निवृत्तीनंतर मी गावातल्या तालमीत संध्याकाळी मुलांना शिकवतो. तीन वर्षांपासून मुलीही येतात. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. ते पाहून आमच्याकडच्या दोन-चार बापांना धीर आला. अक्काची नात त्यांतलीच एक. सातवीत आहे. एकेरी पटाला चपळ, पण पडताना अजून हात टेकवते.

अक्का दर रविवारी तिच्याबरोबर येते, दुधाची किटली घेऊन. हौद्याच्या कडेला बसते. परवा मी धीर करून तिला विचारलं, ‘‘अक्का, तेव्हा तुला दूध प्यावंसं वाटत नव्हतं का?’’ ती म्हणाली, ‘‘वाटत व्हतं की. तुला कोण सांगणार?’’ मग किटलीकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘हिच्या भावालाबी यातलंच असतं. निम्मं-निम्मं. सुनेला बजावून ठेवलंय.’’

तुमच्या गावात यंदा वही घेऊन पंच आले, तर त्यांना रिकामं पाठवू नका. दहा रुपये द्या, पण फडाला जाऊन बसा आणि कुस्ती निकाली मागा. आणि घरात एखादं पोर तालमीत जात असेल, तर त्याच्या ताटाबरोबर त्याच्या बहिणीचं ताटही बघा. अक्का आजही कोराच चहा पिते. मी दूध घालून दिलं, तर म्हणते, ‘‘आता गोड लागत नाही.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)